लागू न पडलेली गोळी

वाघोलीत कॉलेजच्या मागच्या गल्लीत शालनकाकूंची मेस आहे. जेवायला येणारी बहुतेक पोरं बाहेरगावची. सलोनी त्यातलीच एक. सिन्नरहून इंजिनिअरिंगला आलेली आणि मेसच्या वरच्याच खोलीत भाड्याने राहणारी. काकूंच्या स्वयंपाकाला तोंडावर नावं ठेवायची हिंमत तिच्या एकटीत होती, म्हणून ती काकूंची लाडकी.

मार्चमध्ये ती सलग काही वेळा जेवायला उतरलीच नाही. काकू मऊ भात घेऊन वर गेल्या, तर पोरगी पोटाशी पाय घेऊन पडलेली.

"काय गं, काय होतंय?"

"जुलाब लागलेत काकू. मेडिकलमधून गोळी आणलीये. मागच्या वेळी ह्याच गोळीने थांबले होते."

काकूंनी कपाळाला हात लावला. "ताप हाय की चांगलाच."

"दिवसातून दोनच्या जागी तीन घेतेय." सलोनीने मान वळवली. "काकू, रक्त पडतंय."

काकूंनी भात तिथेच ठेवला आणि खाली जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टर सुनीती होत्या. त्यांनी सलोनीला दाखल करून घेतलं, सलाइन लावलं, शौचाचा नमुना लॅबमध्ये पाठवला आणि वेगळं इंजेक्शन सुरू केलं. सलोनीची आई श्यामला रातोरात सिन्नरहून आली. इंजेक्शनं चालू असूनही ताप उतरेना. सलोनीचे ओठ सुकले होते. आईने हाक मारली की ती नुसती पापणी हलवायची.

मग लॅबचा रिपोर्ट आला. डॉक्टर श्यामलाशी आणि काकूंशी सरळच बोलल्या.

"आतड्यात जंतू आहेत. हिने घेतलेली गोळी त्यांच्यावर चालत नाही. मी दिलेलं इंजेक्शनही चालत नाही. जी औषधं चालतात, ती थोडीच उरलीत. त्यातलं एक आता सुरू करतेय."

"पण मागच्या वेळी तर ती गोळी चालली होती!" श्यामला म्हणाली.

"मागच्या वेळी दुसरं काही असेल. कदाचित आपोआप थांबलं असेल आणि श्रेय गोळीला मिळालं असेल. आपण सगळेच उठसूट ह्या अँटिबायोटिक गोळ्या घेतो. जे जंतू त्यांना दाद देत नाहीत, ते जगतात. मग तेच वाढतात आणि तेच पसरतात." त्या काकूंकडे वळल्या. "तुमच्याकडे अजून कोणाचं पोट बिघडलंय?"

"दोघातिघांचं. पर असं नाय, थोडंथोडं."

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"तुमचं बिघडलं होतं?"

"बिघडलं होतं की. सलोनीच्या आधी. मेडिकलमधून दोन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, लागले कामाला."

डॉक्टरांनी त्यांचाही नमुना घेतला. मेसच्या पिण्याच्या पाण्याचाही. काकूंनी त्याच दिवशी मेस बंद ठेवली. रिपोर्ट आले, तेव्हा पाणी चांगलं निघालं. काकूंच्या पोटात मात्र तेच जंतू होते.

"कोणापासून कोणाला लागण झाली हे छातीठोकपणे नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "पण नमुने स्वच्छ येईपर्यंत तुम्ही अन्नाला हात लावायचा नाही."

"मग मलाबी ते सलोनीचं औषध द्या. पैसे भरते मी."

"तुम्हाला काही त्रास होतोय का?"

"नाय."

"मग नको. तुमचं शरीर ते आपणच बाहेर टाकेल. जिच्या जिवावर बेतलंय, तिच्यासाठी ते औषध शिल्लक राहायला हवं."

काकू वॉर्डमध्ये जाऊन श्यामलाला म्हणाल्या, "ताई, हे माझ्या हातूनच झालं असंल. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

श्यामलाने मुलीच्या कपाळावरची पट्टी बदलली. वर न बघताच म्हणाली, "आत्ता जा तुम्ही इथून."

काकू गेल्या. मेसच्या दाराला 'गावी गेले आहे' अशी पाटी लावता आली असती. त्यांनी पोरांनाच बोलावलं, ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

राजस नावाच्या मुलाने खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली. "काकू, मी सगळ्यांसाठी आणून ठेवल्यात. सेफ्टी म्हणून मीपण घेतोय."

"तुझं पोट दुखतंय?"

"नाही."

"मग कशाला खातोस, चणे-फुटाणे हायत का? थांबव आन् डॉक्टरीणबाईंना जाऊन सांग. ज्यांना जुलाब होतायत त्यांनी जलसंजीवनी प्यायची. ताप आला, रक्त दिसलं, तर सरळ दवाखाना. मेडिकलची पायरी चढायची नाय."

काकूंना वाटलं, आता उठतील आणि दुसरी मेस शोधतील. दोघं उठलीही. राजस मात्र डोकं खाजवत म्हणाला, "तुम्ही अन्नाला हात लावायचा नाही. सांगायला तर बंदी नाहीये ना?"

काकूंनी डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली, आणि पोट ठीक असलेल्या पोरांची टोळी स्वयंपाकघरात शिरली. काकू दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय कोणाला पिठाला हात लावू देईनात. पहिल्या दिवशी वरण करपलं, भाकऱ्या तव्यावरच मोडल्या. राजसने आईला व्हिडिओ कॉल लावून फोडणी शिकून घेतली. हळूहळू जेवण जेवणासारखं लागायला लागलं.

तिकडे सलोनीचा ताप उतरला. एका सकाळी तिने स्वतःहून पाणी मागितलं, मग पेज. श्यामला व्हरांड्यात जाऊन मोकळेपणी रडली. परत आली तेव्हा सलोनी म्हणाली, "आई, काकूंना फोन लाव. त्या बसल्या असतील काळजी करत."

श्यामलाने लगेच लावला नाही. संध्याकाळी लावला.

सलोनी दवाखान्यातून खोलीवर परत आली त्या सुमारास काकूंचे नमुने स्वच्छ आले होते. स्वयंपाकघरात त्या पुन्हा कणीक मळत होत्या, आणि सवय लागलेली पोरं बेसिनपुढे साबणासाठी भांडत होती. श्यामला दारात उभी राहून ते बघत होती. तिने पदर खोचला, हात धुतले आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढली.

"ताई, राहू द्या," काकू म्हणाल्या.

"मी उद्या सिन्नरला चाललेय," श्यामला मेथी निवडत म्हणाली. "हिला मसालेदार देऊ नका अजून. आणि ताक घरचंच द्या."

"म्हणजे ती इथंच जेवणार?"

"मग कुठे जेवणार?"

काकूंनी पिठाच्या हातानेच डोळे पुसले, आणि राजसने त्यांना ताबडतोब बेसिनकडे पिटाळलं.