गुडघ्याची कडी

पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची कडी नीट बसली की पेनाला टोपण लावल्यासारखा बारीक आवाज होतो. हात धुऊन, ते वर धरून ऑपरेशनच्या टेबलाकडे जाताना ती त्या आवाजाची वाट पाहत असे. कडी जुनी झाली होती. चालताना पँटच्या आत वर सरकायची, आणि मग गुडघ्याला आधार उरायचा नाही. बोटाने खाली ढकलली की झालं. पण धुतलेले हात कमरेखाली न्यायचे नसतात.

ते काम मोठ्या सिस्टरांचं. गाउनच्या नाड्या बांधायला मागे आल्या की त्या वाकून पँटवरूनच कडी दाबायच्या.

"लागलं बाई कुलूप," एवढंच कानाशी पुटपुटायच्या.

सर्जरी शिकणाऱ्या या डॉक्टरला रोज हे करून घ्यावं लागतं, हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तिनेच ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

आज मोठ्या सिस्टर नव्हत्या. त्यांची बदली लहान मुलांच्या वॉर्डात झाली होती. नाड्या नव्या सिस्टरने बांधल्या. आवाज झाला नाही. "जरा माझा गुडघा दाबता का?" हे वाक्य तिने जुळवलं, मास्कच्या आत ओठही हलवले, आणि ती तशीच टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

ऑपरेशन करणारे सर उंच, म्हणून टेबल उंच. समोरचा बुटका सहकारी पायाखाली लाकडी पायरी घेऊन उभा होता.

"अहो सर, पेशंट छताला लागेल," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"माझी पाठ गेली तर तुम्ही शेकणार आहात का?"

सगळे हसले. तीही हसली. जखमेची कड हुकाने ओढून धरत तिने कंबर मागे रेटली आणि गुडघा ताठ ठेवला. थोड्या वेळाने मांडी जाणवेनाशी झाली. घाबरावं, असं तिला वाटलं. पण घाबरणंसुद्धा कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं लांबच राहिलं.

गुडघा अचानक दुमडला. तिने कमरेने टेबलाचा काठ गाठला, पण हातातला हुक सुटला.

"हात!" सर ओरडले. त्यांनी बोटांनीच जखमेची कड धरली. रक्त आलं नाही. सहकाऱ्याने हुक घेतला. ती बाजूला झाली आणि भिंतीला टेकून शेवटचा टाका पडेपर्यंत पाहत राहिली.

नंतर सर बेसिनपाशी हातमोजे काढत होते.

"पेशंट ठीक आहे," ते म्हणाले. "पण मी तुला कधीपासून सांगतोय. पॅथॉलॉजीत जागा आहे. खुर्ची, मायक्रोस्कोप, डोक्याला ताप नाही. तुझे वडीलही परवा फोनवर तेच म्हणाले."

"हो सर. मलाही म्हणाले."

"हुशार आहेस. वाया जावीस असं कुणाला वाटतंय? इतके दिवस उभी राहिलीस, कौतुकच आहे. पण आज हुक सुटला. उद्या हातात सुरी असेल."

"बरोबर आहे, सर."

"मग? दर वेळी 'विचार करते' म्हणतेस."

तिने आता मोकळ्या हातांनी गुडघ्याची कडी खाली दाबली. सरांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं.

"हे काय?"

"कुलूप. आज ते लागलं नव्हतं. रोज मोठ्या सिस्टर लावायच्या. मला स्वतःला लावता येत नाही, हात धुतलेले असतात."

आत दुसऱ्या पेशंटला टेबलावर घेत होते. भूलतज्ज्ञ बाई दारातून डोकावल्या.

"सर, टेबल नेहमीच्याच उंचीला ना?"

"हो," सर म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. आवाज सपाटच आला. "खाली घ्या. मी सर्जरीच करणार आहे, सर. बसून."