समासातल्या फुल्या

उद्यानातल्या कारंज्यातून बादलीभर पाणी उचलणं हा त्या शहरात गुन्हा होता. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा थेट तीन महिने आत. कायदा दरवर्षी थोडा कडक व्हायचा, आणि बादल्या काही कमी व्हायच्या नाहीत.

त्या सकाळी कोर्टात तिसऱ्यांदा उभी होती ती कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. तीन महिने आत म्हणजे टपरी गेली, गिऱ्हाइकं गेली आणि दोन लेकी मावशीच्या दारात. कारकूनबाईंना हे सगळं ठाऊक होतं, कारण त्या तिच्याच गल्लीत राहायच्या. वीस वर्षं गुन्ह्यांची नोंदवही लिहूनही त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला नव्हता. अक्षर तेवढं बिघडलं होतं.

"काय गं, पुन्हा?" साहेब यायच्या आधी त्यांनी हळूच विचारलं.

"ताई, पाणी शिंपडल्याशिवाय सुरकुती जात नाही. आणि सदरे तुमच्या साहेबांचेच होते."

"तोंड आवर! त्यांना साक्षीदार करतेस की काय?"

न्यायाधीश साहेब आले ते भलत्याच खुशीत. कायदा सुधारणा समितीला अहवाल द्यायचा होता आणि त्यांच्या हाती घबाड लागलं होतं. "फेब्रुवारीत शिक्षा वाढवली आणि मार्चमध्ये एकही गुन्हा नाही! याला म्हणतात धाक. आता सहा महिने करा, असंच कळवतो. बाई, वही दाखवा."

बाईंनी वही जवळ ओढली. उद्यानालगतच्या त्यांच्या गल्लीतला नळ ज्या दिवशी कोरडा, त्या दिवशी त्या वहीच्या समासात बारीक फुली मारायच्या. पाणीखात्यात भांडायला गेलं की तारखा तोंडावर फेकता याव्यात म्हणून. घरी वेगळी वही घातली असती, पण सासूबाई त्यात दुधाचा हिशेब लिहीत. सरकारी दस्तऐवजात खाजगी खरडाखरड! नोकरीची दोन वर्षं उरली होती.

त्यांनी मार्चचं पान काढलं. समास स्वच्छ. मग एप्रिलचं काढलं. फुली, बादली. फुली, बादली. वीस वर्षं दोन्ही स्वतःच्याच हातानं लिहिलं होतं, पण शेजारी शेजारी कधी वाचलं नव्हतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मार्चमध्ये धाक नव्हता. नळ होता."

"म्हणजे?"

त्यांनी वही पुढे सरकवली. साहेबांनी चष्मा चढवला, बोट समासावरून खाली नेलं, मागची पानं उलटली, पुन्हा पुढे आणली. वर्षभरात एकेचाळीस गुन्हे, एकेचाळीस फुल्या.

"या फुल्या कुणी मारल्या?"

"मी."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. इस्त्रीवाली मात्र चटकन बोलली, "साहेब, त्यांना काही म्हणू नका. दोष द्यायचा तर माझ्या बादलीला द्या."

"तुम्ही गप्प बसा, तुम्ही आरोपी आहात," साहेब खेकसले आणि कलमाचं पुस्तक उघडून बसले. कलमात 'गरज नसताना' असे दोन शब्द होते. दंडाचा आकडा बघायच्या घाईत आजवर कुणाची नजर त्यांच्यावर पडली नव्हती, साहेबांचीही नाही. हे त्यांना फारसं आवडलेलं दिसलं नाही.

"आरोपीची गरज होती," त्यांनी शेवटी सांगितलं. "निर्दोष. बादली परत करा. आणि पाणीखात्याच्या इंजिनीअरला बोलवा. मार्चमध्ये जे जमलं ते एप्रिलमध्ये का जमलं नाही, ते इथं उभं राहून सांगू दे."

इस्त्रीवालीनं बादली अशी उचलली, जणू बक्षीसच मिळालं.

समितीच्या अहवालातले सहा महिने साहेबांनी खोडले आणि त्या जागी फुल्यांच्या तारखा लिहिल्या. कायदा बदलायला समितीला अजून किती बैठका लागतील, ते समितीलाच ठाऊक.

संध्याकाळी बाईंच्या टेबलावर साहेबांच्या सहीची लेखी ताकीद आली: न्यायालयीन वहीत खाजगी नोंदी केल्याबद्दल. बाईंनी ती दोनदा वाचली, शुद्धलेखनाची एक चूक पेन्सिलीनं सुधारली, आवक क्रमांक घातला आणि स्वतःच फाइलला लावली. ते काम त्यांच्याकडेच होतं.