कॉर्डलेसवरचं बोलणं

माधुरीने सहादेवच्या अजिनाथशी नगरला जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हापासून तिच्या मोठ्या बहिणीला, शुभांगीला, तिसगावात उजळ माथ्याने फिरणं अवघड झालं होतं. बौद्धांची मुलगी सून म्हणून आलेली सहादेवला चालणार नव्हती. दोघं सापडली तर सोडणार नाही, असं तो चारचौघांत बोलून गेला होता. ती दोघं राजूरला अजिनाथच्या मित्राकडे, रंगनाथ मास्तरांकडे, लपून राहिली होती. तिसगावात हे फक्त शुभांगीला माहीत होतं.

माधुरी संध्याकाळी तिकडच्या बूथवरून फोन करायची. शुभांगीच्या नवऱ्याने, जालिंदरने, मुंबईहून बिनवायरचा कॉर्डलेस फोन आणला होता. तो घेऊन शुभांगी परसात जाई. सासूच्या कानावर काही पडत नाही, म्हणून तिला तो फार सोयीचा वाटे.

एकदा अंग कसकसत होतं म्हणून ती शाळेत शिकवायला गेली नव्हती. जालिंदरला ऑफिसात फोन लावावा म्हणून तिने उचलला, तर आत आधीच कोणीतरी बोलत होतं. आवाज परसापलीकडच्या सहादेवचा.

“राजूरला हायेत. बहिनीसंगं रोज बोलती. तिचा फोन बी आपल्यावानीच बिनवायरचा हाय, समदं आपल्या फोनात ऐकू येतंय. उद्या सकाळी जीप घिऊन ये, छगन.”

शुभांगीने बटण दाबलं. आपण काय काय बोललो? रंगनाथ मास्तरांचं नाव घेतलं का? घर कुठल्या आळीत, तेही सांगितलं होतं का? काही केल्या आठवेना.

गावातल्या बूथवर सहादेवचा मेहुणा बसायचा. सासूला औषधाचं सांगून तिने पाथर्डीची एसटी धरली. मागच्या बाकावरचे दोघे आपल्याकडेच बघतायत, असं तिला वाटत राहिलं. पाथर्डीला बूथचं काचेचं दार लावून घेऊन तिने राजूरच्या शाळेत फोन लावला. मास्तर फोनवर आले.

“सर, दोघांना आत्ताच्या आत्ता दुसऱ्या गावी काढा. कुठल्या, ते मला सांगू नका. आणि माधुरीला म्हणावं, संध्याकाळी नेहमीसारखा फोन कर. राजूरलाच आहे असं बोल.”

दिवेलागणीला फोन वाजला. शुभांगी परसात गेली.

“ताई, मी.”

“बरी आहेस ना? राजूरला थंडी पडली असेल.”

“हो, लई थंडी.” माधुरीचा आवाज कापत होता. मागून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. एवढी वाहनं राजूरला कुठली, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात आलं तर? शुभांगी मोठ्याने भाजीपाल्याचं काहीबाही विचारत राहिली. मध्येच खट् झालं. कोणीतरी हलकेच खोकलं. दोघी तशाच बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जीप राजूरला गेली आणि तशीच रिकामी परतली. त्या रात्री सहादेवच्या घरातून भांडी आपटल्याचे आवाज आले. जालिंदरने माळ्यावरचा जुना वायरचा फोन काढून जोडून दिला. तरी त्यावर बोलताना शुभांगी कोणाचं नाव घेत नसे, की गावाचं.

पुढच्या बाजारात अजिनाथची आई, झुंबरबाई, मेथीच्या पाट्यांपाशी तिला गाठून म्हणाली, “म्याच ऐकायची गं तो फोन. पोराचा आवाज कानावर पडंल म्हून. आन् येड्यावानी ह्यांना सांगून बसले. त्यो कदी बोललाच न्हाई. बरा हाय का?”

शुभांगीला तिच्या डोळ्यांत बघवेना. होय म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण पलीकडच्या दुकानात सहादेव उभा होता.

“मला काय माहीत, मावशी,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. घरी पोचेपर्यंत तिच्याच्याने मागे वळून बघवलं नाही.