फोटो तेवढा काढून टाक

मी एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने घाबरट आहे. त्याला कारणही तसंच आहे. माझं भिंग एकच, आणि तेही जागचं हलत नाही. दूरचं जवळ आणणं मला जमत नाही. ज्याचा फोटो हवा, त्याच्यापर्यंत माणसाला स्वतःच चालत जावं लागतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझं भिंग बसवलं, पुसलं, तपासलं आणि मला मऊ कापडात गुंडाळलं. पुढे दुकानातल्या काचेच्या कपाटात मी कितीतरी दिवस नुसता बसून होतो. गिऱ्हाईक मला हातात घ्यायचं, "यात झूम नाही?" असं विचारायचं आणि परत ठेवून द्यायचं.

शेवटी मामांनी मला घरी आणलं. मामा म्हणजे लग्नाचे फोटो काढणारे फोटोग्राफर. त्यांच्या खांद्यावर मोठमोठे कॅमेरे लटकलेले असत आणि मी खिशात. "हा आवाज करत नाही आणि भावही खात नाही," असं ते माझं कौतुक करत. तरी लग्नाचं काम मला कधी मिळालं नव्हतं, आणि खरं सांगू का, मला ते नकोच होतं. लग्नात घडलेली गोष्ट पुन्हा घडत नाही. ती हुकली, तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

पण मामांच्या भाचीचं लग्न ठरलं आणि तिने फर्मान सोडलं. "मामा, तुझ्या त्या तोफा आणायच्या नाहीत हं. त्या दिसल्या, की आई आणि मावशी पुतळ्यासारख्या उभ्या राहतात. हा छोटाच आण."

"अगं, एवढ्याशावर अख्खं लग्न?" मामा म्हणाले.

"हो. अख्खं."

माझी तर बोबडीच वळली.

आता या दोघींबद्दल सांगायला हवं. नवरीची आई ही मामांची मोठी बहीण. तिला मामा ताई म्हणत. मावशी सगळ्यांत धाकटी. दोघींचा कित्येक वर्षं अबोला होता. तो कशावरून सुरू झाला, हे आता त्यांनाही धड आठवत नसावं, पण धरला होता पक्का. मामा बिचारे कायम कात्रीत. एकीने काही सांगितलं, की उलट प्रश्न न विचारता ते करून मोकळं व्हायचं, एवढाच मार्ग त्यांना सापडला होता. भाचीने मात्र हट्टाने दोघींनाही साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं होतं.

नोंदणी कचेरीची खोली लहान होती. एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि कुरकुरणारा पंखा. खिडकीतून येणारा उजेड टेबलाच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होता, म्हणून मला धाकधूक. मामा कपाटाला घासत अगदी टेबलाच्या कोपऱ्याशी आले. ताई सही करायला वाकल्या आणि कचेरीतलं पेन अडलं. त्यांनी वर न बघता हात मागे केला. मावशींनी पर्समधलं आपलं पेन त्या हातावर ठेवलं. तेही न बघता, लहानपणापासूनची सवय असावी तसं. मग दोघींच्याही लक्षात आलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना हसू फुटलं.

मामांनी मला दाबलं. मिळाला! माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर व्हरांड्यात मामांनी तो फोटो मावशींना दाखवला. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "दादा, हा मला दे हं," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात ताईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "अरे, आमच्या दोघींचा फोटो तेवढा काढून टाक. आलेच मी." आणि त्या कागद गोळा करायला पुन्हा आत गेल्या.

मामांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग सवयीप्रमाणे त्यांनी उलट विचारलं नाही. अंगठा पुसायच्या बटणावर गेला आणि फोटो नाहीसा झाला.

"बरोबर आहे तिचं," मावशी म्हणाल्या. पर्स उचलून त्या तडक जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. पुसलेला फोटो लगेच मरत नाही. तो कार्डावरच पडून असतो, फक्त दिसत नाही. पण नवा फोटो काढला, की तो त्याच्या जागेवर बसू शकतो. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "आता नको! मला कोणी दाबू नका!" माझं ऐकतो कोण? जिन्यावरून नवरीने हाक मारली, "मामा, आमच्या दोघांचा इथे एक!" आणि मामांनी मला दाबलं.

मग ताई केस नीट करत बाहेर आल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या. "काढ. धाकटी कुठाय?"

"फोटो... तू काढून टाक म्हणालीस ना?"

"हो मग! एकदाचा काढून टाक म्हटलं, ती निघून जायच्या आत!"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मी तो पुसला गं. तिच्यासमोर."

ताई जिन्याकडे धावल्या. पुसलेल्या फोटोवर आणखी काही बसू नये, म्हणून मामांनी झटकन माझ्यातलं कार्ड काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि तेही मागोमाग निघाले. नवरी वरून ओरडली, "आमचे फोटो राहू देत, आधी तिला आणा!"

मावशी रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत होत्या. ताईंना धाप लागली होती. "अगं, काढून टाक म्हणजे काढ! पुसून टाक म्हटलं का मी?"

"मग नुसतं काढ म्हणायचं. टाक कशाला?"

"घाईत माणूस असंच बोलतं!"

"तू नेहमीच घाईत!"

"आणि तू नेहमीच निघालेली!" ताईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. "मला हवाय गं तो फोटो. ए, काढ आता, इथेच काढ."

मामा माझ्याकडे बघत चाचरत म्हणाले, "ताई, यातलं कार्ड... मी काढून टाकलंय."

आधी मावशी फिसकन हसल्या, मागून ताई. हसता हसता दोघी रडायला लागल्या. मी त्यांच्या अगदी जवळ होतो, उजेडही चांगला होता, आणि माझ्यात कार्ड नव्हतं.

तो पुसलेला फोटो परत आला नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्याने खूप खटपट केली, पण त्याच्या जागी नवरा-नवरीचा जिन्यावरचा फोटो बसला होता. म्हणून कळकळीने सांगतो, मित्रांनो. कोणाचंही काही पुसण्याआधी एकदा विचारा. चुकून पुसलंच, तर तिथेच थांबा, मला पुन्हा दाबू नका. आणि अधूनमधून माझं भिंग मऊ कापडाने पुसत जा. ते पुसणं मला चालतं.

आता मामा फारसे कामाला जात नाहीत. मी त्यांच्या टेबलावर फोनशेजारी पडून असतो. अधूनमधून ताईंचा फोन येतो, "सापडला का रे आमचा फोटो?" मामा बोलायच्या आत पलीकडून, ताईंच्याच घरातून, मावशींचा आवाज येतो, "अगं ठेव तो फोन, चहा गार होतोय."