दुपारपाळीचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शिरोली एमआयडीसीच्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या हायस्कूलच्या व्हरांड्यात मी उभा असतो. बाक वर्गात असायचा, व्हरांड्यात कशाला, असे तुम्ही विचाराल. वर्गात जागा नाही म्हणून. ऊन आले की मला डावीकडे ओढतात, पावसाची झड आली की भिंतीला चिकटवतात. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट शांतपणे सांगावी अशी रीत आहे, पण मला राग आला आहे. तो मी झाकून ठेवणार नाही.

माझे पाय शिरोलीतल्याच एका फौंड्रीत ओतले गेले. लालभडक रस वाळूच्या साच्यात पडला, गार झाला आणि त्याचे पाय झाले. माझ्या फळ्या जांभळाच्या. गावच्या सुताराने त्यांच्यावर असा रंधा फिरवला की माशीसुद्धा घसरावी. मला हायस्कूलच्या दारात उतरवताना तो म्हणाला होता, "दोन पोरं ऐसपैस बसत्यात बघा यावर." आणि तसेच झाले. तेव्हा शाळेच्या कुंपणापलीकडे ऊस होता. माझ्यावर दोघेच बसत, कोपर पसरून नकाशे काढत. पंधरा ऑगस्टला मला ओल्या फडक्याने पुसून पाहुण्यांसाठी मांडत. हेडमास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "बाक असावा तर असा." खोटे कशाला बोलू, मी फुगून जायचो.

मग कारखाने वाढले. शाहूवाडीकडून, बेळगाव भागातून, पार बिहारातून माणसे आली. उसाच्या जागी पत्र्याच्या खोल्या आल्या, खोल्यांवर मजले चढले. गावात लग्नाचे हॉल आले, मोबाईलची दुकाने आली, व्यायामशाळेला नवी इमारत आली. हायस्कूल मात्र तेवढेच राहिले. मुले मावेनात म्हणून सकाळची आणि दुपारची अशा दोन पाळ्या केल्या. तरी मावेनात, म्हणून नववीच्या दुपारपाळीच्या मुली व्हरांड्यात काढल्या. त्यांच्याबरोबर मीही बाहेर आलो. दोघांसाठी घडवलेल्या माझ्यावर आता पाचजणी बसू लागल्या.

त्यातली एक होती संयोगिता. आकारामची थोरली मुलगी. आकाराम फौंड्रीत कामाला, वर्षाराणी त्याची बायको. संयोगिता माझ्या अगदी कडेला बसायची. अर्धी माझ्यावर, अर्धी हवेत, एक पाय जमिनीला टेकवून. वही ठेवायला जागा उरली नाही की शेजारी पुढे वाकलेल्या मेहकच्या पाठीवर वही ठेवून गणित सोडवायची. मेहक म्हणजे सीट कव्हर शिवणाऱ्या रशीदभाईंची मुलगी. "हळू लिही की गं, गुदगुल्या होत्यात," असे मेहक म्हणायची आणि दोघी खुसुखुसू हसायच्या.

दुपारपाळी सुटते दिवेलागणीला. मुली हायवेच्या सर्व्हिस रोडने कामगारांच्या वस्तीकडे चालत जातात. तिथे ना फूटपाथ, ना दिवा. एकदा एक टँकर संयोगिताला घासून गेला. ती गटारीत पडली, हात मोडला. टँकर थांबलाही नाही. प्लास्टर निघाले तरी ती शाळेत आली नाही. आकाराम दाखला मागायला आला तेव्हा बाईंना म्हणाला, "एवढं शिकली ते बास झालं. हात मोडला ते निभावलं, उद्या जीव गेला तर तुमी देणार हाय का?"

संयोगिताची जागा काही दिवस रिकामी राहिली असेल, असे तुम्हाला वाटते का? दुसऱ्याच दिवशी खाली फरशीवर बसणारी एक मुलगी तिथे येऊन बसली. गर्दी अशी असते, मित्रांनो. एक मूल गळाले तरी भोकसुद्धा दिसत नाही.

तेवढ्यात बातमी आली की दुसऱ्या हायस्कूलला मंजुरी मिळाली आहे. वस्तीला लागून असलेले गायरान गावाने ठराव करून द्यायचे, एवढेच बाकी. मुलींना सर्व्हिस रोडने चालायची गरजच पडणार नव्हती. माझ्यावरच्या मुली त्या दिवशी टाळ्या वाजवून नाचल्या.

पण गायरान रस्त्याच्या कडेला होते आणि त्यावर विजयसिंहांचा डोळा होता. विजयसिंह गावचे माजी सरपंच, मोठ्या गटाचे पुढारी. त्यांना तिथे दुकानगाळे हवे होते. आपल्या गटातल्या माणसांना त्यांनी गाळे देण्याचा शब्दही देऊन टाकला होता. एक गाळा आकारामला. त्यांची स्वतःची नातवंडे पिवळ्या बसमधून लांबच्या इंग्रजी शाळेत जात होती, तेव्हा व्हरांड्यात कोण बसते याचा त्यांना काय त्रास!

ग्रामसभा आमच्याच शाळेच्या मैदानात भरली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मला उचलून पुढे नेले. आता सांगतो ते नीट ऐका. सभा सुरू झाली, विजयसिंह आले आणि माझ्यावर बसले. एकटे. एक हात इकडे पसरून, एक पाय तिकडे टाकून. मला तेव्हाच करकरावेसे वाटले.

सरपंच गणपतराव साधा, भिडस्त माणूस. त्यांनी ठराव वाचला आणि "कुणाला काय बोलायचं असंल तर बोला," म्हणून खाली बसले. विजयसिंह बसल्या जागेवरूनच बोलले.

"हायस्कूल हाय की गावात! दुसरं कशाला? गर्दी केलीया ती बाहेरनं आलेल्यांनी. त्यांच्या पोरांसाठी गावानं आपलं गायरान का घालवायचं? गाळे झालं तर आपल्या पोरांस्नी धंदा मिळंल."

मागून टाळ्या पडल्या. मग रशीदभाई उठले.

"विजूदादा, आमच्या आज्याची कबर हाय या गावात. आमी बाहेरचं कवापासनं झालो? आन् बिहारचं पोरगं आलं तर त्येला काय पाटी-पेन्सिल द्यायची न्हाय? त्येचा बाप तुमच्याच खोलीत भाड्यानं ऱ्हातोय की."

गलका झाला. कुणी "खाली बस" म्हणाले, कुणी "बोलू द्या" म्हणाले. विजयसिंह हसले. "जरा दाटीनं बसावं लागतंय, एवढंच हाय न्हवं? आमी झाडाखाली बसून शिकलो. दाटीनं कोण मरत न्हाय."

तेव्हा मुलींच्या घोळक्यातून मेहक पुढे आली. गणपतराव म्हणाले, "बाळ, तुला मत न्हाय या सभेत."

"मत न्हाय मागत, आजोबा. काकांस्नी एक दाखवायचं हाय."

ती सरळ आली आणि माझ्यावर, विजयसिंहांच्या शेजारी बसली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. चौथी आली तेव्हा विजयसिंह माझ्या कडेला सरकले होते. त्यांचे अर्धे अंग हवेत लोंबत होते. स्वतःला सावरायला त्यांनी एक पाय जमिनीत रोवला.

"आता पाच झालो," मेहक म्हणाली. "आमी रोज अशाच बसतो, काका. आता वही घ्या आन् लिहून दाखवा."

आधी मैदान हसले. पार मागच्या रांगेपर्यंत हसले. विजयसिंहांचा चेहरा लालेलाल झाला. ते उठायला गेले तेव्हा मेहक पुन्हा बोलली.

"तुमी उठू शकताय. तुमी जिथं बसलाय ती आमच्या संयोगिताची जागा. ती उठली ती परत आलीच न्हाय."

हसणे थांबले.

आकाराम विजयसिंहांच्या माणसांत बसला होता. त्याने मान खाली घातली. संयोगिता बायकांमध्ये आईला चिकटून उभी होती, तिने डोळ्यांना पदराचे टोक लावले. पदर आईचा होता. गणपतरावांनी घसा खाकरला. "हायस्कूलला गायरान द्यावं असं ज्येला वाटतंय त्येनं हात वर करावा."

वस्तीतले काही हात वर आले. रशीदभाईंचा, बिहारातून आलेल्या कामगारांचे, शाळेच्या बाईंचा. पण बाकीच्या बायका नवऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. आकाराम मागे वळून वर्षाराणीकडे बघत होता. त्याने नुसती मान हलवली. नको, अशी.

वर्षाराणीने हात वर केला.

"अगं, काय करतीस?" आकाराम ओरडला. "गाळा मिळणार हाय आपल्याला!"

"तुमी बसा गाळ्यात!" ती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "माझी पोर गटारीतनं उचलून आणलीया मी. तवा कुठं हुता तुमचा गाळा?"

तिच्या शेजारच्या बाईने हात वर केला. मग त्या बाईच्या सासूने. मग हातच हात. गणपतरावांना मोजायची गरजच पडली नाही. ठराव झाला.

गोष्ट इथे संपवता आली असती तर मला बरे वाटले असते. पण विजयसिंहांनी सभा बेकायदेशीर असल्याची तक्रार केली. चौकशी लागली. गायरानात शाळेसाठी आखलेली चुन्याची रेघ पावसात धुऊन गेली. पुढे चौकशीत काही निघाले नाही आणि भूमिपूजन ठरले. तेव्हा रस्त्यावर केवढा फलक लागला म्हणून सांगू! त्यावर सर्वांत मोठा फोटो विजयसिंहांचा, हात जोडलेला. खाली लिहिले होते, 'शिक्षणप्रेमी नेतृत्व'. मेहकचे नाव नव्हते. वर्षाराणीचे नव्हते. मी लाकूड आणि लोखंड आहे, मला हात असते तर तो फलक मीच उतरवला असता.

आकाराम म्हणाला, "नवी शाळा बांधून झाली की घालतो पोरीला." वर्षाराणीने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिताला हाताला धरून घेऊन आली. "भिंती उभ्या ऱ्हाईपतोर पोरीचं वय थांबतंय व्हय?" असे ती बाईंना म्हणाली. शाळा सुटताना ती फाटकात हजर होती. तिने आपल्याबरोबर वस्तीतल्या सगळ्या मुली घेतल्या आणि रस्त्याच्या बाजूने स्वतः चालली. पुढच्या दिवशी रशीदभाई आले, मग दुसऱ्या कुणाची आई. एका संध्याकाळी आकाराम आला. कामावरून तसाच, अंगावर काळी धूळ घेऊन. लेकीच्या हातातले दप्तर त्याने घेतले.

नव्या हायस्कूलचा पाया अजून जोत्यापर्यंतच आला आहे. संयोगिताला ती शाळा मिळेल असे मला वाटत नाही. तिची दहावी याच व्हरांड्यात होईल. ती परत आली त्या दिवशी जागा तर भरलेली होती. पण सगळ्याजणी सरकल्या आणि माझ्यावर सहाजणी बसल्या. माझा एक सांधा कडकन वाजला.

मित्रांनो, जुने बाक शेवटी विनंती करतात की आमच्यावर नाचू नका, कर्कटकाने नावे कोरू नका. मी तसे सांगणार नाही. उलट कोरा. सहाच्या सहाजणी आपली नावे खोल कोरा. उद्या मला भंगारात काढायला जे कुणी येतील, त्यांना आधी ती वाचू द्या.