राखणाऱ्याची मेंढरं

माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काळ्या छत्र्या.

लोकरीचा वास साबणानं जात नाही.

मॅट्रिकला पंचावन्न टक्के. मॅट्रिकला एकोणसाठ टक्के.

तळावर मेंढरं मोजायची नसतात. दृष्ट लागते.

सोलापूर. १९७४ चा जून.

पंचावन्न टक्के मायाक्काचे, एकोणसाठ दानम्माचे. हे दानम्माचं गल्लीत सगळ्यांना, कुणी न विचारताच, सांगून झालं होतं. तिचे वडील ईश्वरप्पा लोकरीचे व्यापारी. मायाक्काचा बाप तात्याबा सांगोल्याकडचा धनगर, त्यांनाच लोकर घालणारा. मायाक्का शिकायला म्हणून याच गल्लीत मावशीकडे राहायची, आणि आता कॉलेजला निघाली होती. मागास समाजातल्या गरीब मुलींना शिष्यवृत्ती होती. फी माफ, पुस्तकं फुकट.

"अप्पा, तिला सरकार शिकवतंय. मला तुमी शिकवा की."

"एकटी पोरगी कॉलेजला? जमायचं न्हाय," म्हणत ईश्वरप्पा गठ्ठा बांधायला लागले.

तेव्हापासून दानम्माच्या पोटात दुखायला लागलं. आपणही गरीब असतो तर, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"दाने, कॉलेजात पोरींना बाकं येगळी असत्यात म्हणं," मायाक्का नळावर म्हणाली.

"लोकरीचा वास येणारीला त्यातबी येगळं असंल."

"मग ऐसपैस बसाय मिळंल की," मायाक्का हसली.

ते हसणंच झोंबलं. ती रडली असती तर दानम्माला गोड झोप लागली असती.

मग शिष्यवृत्तीच्या चौकशीला कारकून आला. मावशीच्या दाराला कुलूप, म्हणून तो दुकानात शिरला. ईश्वरप्पा बाजारात गेले होते. गादीवर दानम्मा.

"हा तात्याबा खरंच गरीब आहे का हो?"

"गरीब? गावाभाईरच्या रानात मेंढरांचा तळ हाय त्यांचा. दोनशे मेंढरं. जाऊन बघा की."

तळावर चार घरांची मेंढरं एकत्र असतात हे दुकानात वाढलेल्या दानम्माला पाठ होतं. दर घरची लोकर तिनं वेगळी तोललेली. तेवढंच ती बोलली नाही.

कारकून तळावर गेला.

"मेंढरं किती?"

"मोजायची नसत्यात, सायेब."

"बरं, कुणाची?"

तात्याबानं मुंडासं सावरलं. भावकीनं विश्वासानं हाती दिलेल्या जितराबाला 'माझं न्हाय' म्हणायचं नसतं. तसं म्हणणाऱ्याच्या कळपात लांडगा शिरतो.

"जो राखतो त्याची."

"म्हणजे तुमचीच?"

"व्हय. माझीच."

शिष्यवृत्ती गेली. खांद्यावर घोंगडं टाकून मायाक्का बापामागं तळावर निघाली. दुकानापाशी थांबली.

"येते, दाने. तू जाशील तवा बघ, बाकं येगळी असत्यात का. मला सांग."

दानम्मानं मान हलवली. गोड झोप काही लागली नाही, पण वाट तर मोकळी झाली होती. तिनं वडिलांपुढं पुन्हा विषय काढला.

"अप्पा, कॉलेजचं..."

ईश्वरप्पा माळ्याकडे बघत राहिले. "आता कुणासंगं जाणार?" म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा ओढला.

कारकून दुकानात आला तेव्हा ईश्वरप्पा बाजारात दोन छत्र्या घेत होते. एक दानम्माला, एक मायाक्काला, दोघींना जोडीनं कॉलेजला धाडायला.