कठड्यातली वाट

नदीकाठी नवा रस्ता झाला, फक्त पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी. मी कबाझावाला. सायकलच्या मागच्या सीटवर माणसं पोचवून पोट भरतो. तरी त्या रस्त्यावर मी पाऊल टाकलं नव्हतं. रस्ता आमच्या चिम्वाला वस्तीला खेटून जायचा, पण मध्ये छातीएवढा लोखंडी कठडा होता. आत शिरायचं तर दोन्ही टोकांनाच. शिवाय आत ना सावली, ना माणूस. वस्तीतल्या एस्नाथबाईंना सगळे अमायी, म्हणजे आई, म्हणतात. त्यांच्या सुनेची पिशवी तिथे भरदुपारी चोराने हिसकावली. ती ओरडली, पण ऐकायला कुणी नव्हतं.

अमायी कठड्याच्या अलीकडे मंदासी, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळायच्या. एकदा राजधानीहून, लिलोंग्वेहून, रस्त्याच्या खात्याचे साहेब आले. रिकामा रस्ता बघून म्हणाले, "या लोकांना चांगलं दिलेलं कळतच नाही."

अमायी झारा घेऊन उठल्या. "साहेब, दार नसलेलं घर बांधायचं, आणि वर विचारायचं, कुणी राहत का नाही?"

साहेब हसून गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, सगळ्यांदेखत, अमायी लोखंड कापायची करवत घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "यामिकानी, गज धर."

"अमायी, आत टाकतील!"

"टाकू देत. मला तिथे चूल देतील का, तेवढं विचार."

दोन गज निघाले. अमायींनी चूल आत नेली, बांबूंवर कापड ताणून सावली केली. चार दिवसांत शेजारी पंक्चरवाला बसला, मग टोमॅटोवाली. माणसं बसलेली दिसली तशा बायका एकट्यादुकट्या जायला लागल्या. मीही बाजाराच्या सवाऱ्या तिथूनच नेऊ लागलो.

रस्त्याच्या मुकादमाने गज पुन्हा जोडून घेतले. अमायींनी पुन्हा कापले. मग कोर्टाचा कागद आला.

तारखेला मीच त्यांना नेलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गज तुम्ही कापलेत?"

"हो, दोनदा. पुन्हा लावलेत तर तिसऱ्यांदाही कापीन."

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी कागद चाळले, अमायींना ताकीद देऊन सोडलं, आणि तिथे रीतसर वाट का ठेवली नाही, असं मुकादमाला विचारलं.

येताना शाळेमागे अमायींनी मला थांबवलं. तिथेही त्याच रस्त्याचा कठडा सलग होता. त्यांनी गज हलवून पाहिला.

"हा जरा जाड आहे," त्या म्हणाल्या. "उद्या दोघातिघांना घेऊन ये."